सोल्याचा कान: वेंगुर्ल्याकडच्या एका लाकडी कुत्र्याच्या धंद्याचे प्रकरण

वेंगुर्ले तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात राहणाऱ्या बाईंनी आपल्या गेलेल्या कुत्र्याच्या रूपाचा लाकडी कुत्रा घडवून विकायला सुरुवात केली, त्याला आता चार वर्षे होऊन गेली. मी तालुक्यातच वाणिज्य शिकवतो आणि आसपासच्या बचत गटांच्या वह्या वर्षातून दोनदा पाहून देतो. त्या निमित्ताने या बाईंची वहीही माझ्यासमोर आली, आणि ती चाळताना लक्षात आले की बाई ज्याला एक धंदा समजत होत्या ते खरे तर एकाच वहीत लिहिलेले दोन धंदे होते. त्यातला एक दुसऱ्याचे पैसे गिळत होता. बाईंचे आणि इतरांचे नाव-गाव मी येथे देत नाही. आकडे मात्र त्यांच्याच वहीतले आहेत.

कुत्रा आणि त्याचा कान

कुत्रा गावठी होता. पिल्लू असताना तो किनाऱ्यावर उपड्या घातलेल्या होडीखाली सापडला, आणि पहिली दोन वर्षे त्याला नुसते काळू म्हणत. आमच्या दमट हवेत जनावरांच्या अंगावर गोचिडी फार होतात. कानातल्या गोचिडींमुळे तो डोके सतत झाडत राहिला, त्या झटक्यांनी उजव्या कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुगली आणि फुगवटा ओसरल्यावर कायमची सुरकुतून बसली. वाळत घातलेल्या कोकमाच्या सालीसारखा दिसणारा तो कान पाहून घरातल्या कोणीतरी त्याला ‘सोल्या’ म्हटले आणि तेच नाव राहिले. ज्याला पुण्याकडे आमसूल म्हणतात त्याला आमच्याकडे सोलां म्हणतात, हे येथे सांगून ठेवतो, कारण पुढे त्यावरून एक घोळ झाला.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा बाईंच्या कुंपणातला एक जुना पांगारा आडवा झाला. त्याच पावसाळ्यात सोल्या गोचीड तापाने गेला. पांगाऱ्याला कोकणात कोणी फारसे मोठे झाड मानत नाही: कुंपणाला लावावा, त्यावर मिरवेल चढवावी, शिमग्याच्या सुमारास लाल फुले पाहावीत, एवढेच. पण सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी जुन्या कारागिरांनी हेच लाकूड पसंत केले, कारण ते वजनाला हलके, मऊ आणि कातायला सोपे असते. बाईंना हे माहीत होते. लग्नानंतरची दहा-बारा वर्षे त्यांनी सावंतवाडीच्या एका दुकानदारासाठी लाकडी आंबे, केळी आणि वांगी नगावर रंगवून दिली होती. पडलेल्या पांगाऱ्याचे ओंडके त्यांनी पडवीत सुकत टाकले आणि दिवाळीच्या आधी त्यातला एक रिक्षात घालून आपल्या ओळखीच्या वृद्ध कातारीकाकांकडे नेला.

कातकामाची एक मर्यादा समजून घेतल्याशिवाय या प्रकरणातला हिशेब कळणार नाही. कात म्हणजे लाकूड फिरवून घडवण्याचे यंत्र. त्यावर लाकूड स्वतःभोवती फिरते, म्हणून त्यातून निघणारी प्रत्येक वस्तू गोल आणि सर्व बाजूंनी सारखी असते. आंबा, भोवरा, लाटणे, पाळण्याचा खांब हे कातातून सरळ उतरते. चार पायांवर उभा असलेला कुत्रा उतरत नाही. म्हणून काकांनी बसलेला कुत्रा सुचवला. खालचे अंग पेरूसारखे, वर चेंडूसारखे डोके, दोन्ही कातलेले आणि मानेत खुंटीने जोडलेले; पुढचे पाय नुसते रंगाने दाखवायचे. अंगाला रंग द्यायचा तोही कातावरच. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, आणि मग केवड्याचे पाते दाबून तिला चकाकी आणली जाते. लाल आणि काळी लाख एकामागून एक दिल्यावर जो गडद तपकिरी रंग आला, तो बाईंच्या म्हणण्याप्रमाणे सोल्याच्या पाठीचाच होता. कान आणि शेपूट मात्र हाताने कोरून नंतर बसवावे लागतात, आणि उजवा कान सुरकुतलेला हवा हे ऐकून काका म्हणाले, “मोडक्या कानाचो कुत्रो कोण घेतलो गो?”

तो कोणीतरी घेतला, हे उघडच आहे. पहिले सहा नग गणपतीला येऊ न शकलेल्या आणि दिवाळीत गावी आलेल्या चाकरमान्यांनी बाईंच्या ओटीवरूनच उचलले. त्यातल्या पाच जणांनी आधी कानाबद्दल विचारले आणि मग पैसे काढले.

वहीतले पहिले पान

सुरुवातीची किंमत २५० रुपये होती. ती कशावरून ठरवली असे मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की लाकडी फळांचा लहान संच साधारण तेवढ्याला जातो. शेजारच्या मालाची किंमत पाहून आपली ठरवायची ही सवय आमच्याकडे घरोघरी आहे. कोकम सरबतापासून घावनाच्या पिठापर्यंत सगळे असेच विकले जाते. प्रत्यक्ष खर्च असा होता: कातारीकाकांना नगामागे ४५ रुपये, रंग आणि लाख १५ रुपये, खोका आणि आत भरायचा काथ्या २२ रुपये. टपालखर्च गिऱ्हाईक देई. म्हणजे बाईंच्या हातात १६८ रुपये उरत. कोरणे, बसवणे, रंगवणे यांना मिळून पावणेदोन तास आणि फोनवर बोलणे, फोटो पाठवणे, खोका बांधणे याला अर्धा तास धरला, तर सव्वादोन तासांचे १६८ रुपये, म्हणजे तासाला सुमारे ७५ रुपये पडत होते. बोलण्याचा आणि खोका बांधण्याचा वेळ बाईंनी कधीच धरला नव्हता. तो मी त्यांना आठवडाभर घड्याळ पाहून लिहायला लावला.

२०२२ च्या मे महिन्यात मुलीने, जी पुण्यात नोकरी करते, इन्स्टाग्रामवर खाते उघडले आणि तेथे सोल्याचा जुना फोटो आणि लाकडी कुत्रा शेजारी शेजारी ठेवले. त्या फोटोने धंद्याची दिशा बदलली. लोक आता लाकडी सोल्या मागत नव्हते, “आमच्या टायगरचा असाच करून द्याल का?” असे विचारत होते. बाईंना नाही म्हणवत नव्हते. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा कुत्रा नुकताच गेलेला असे, आणि त्या दुःखातून त्या स्वतः वर्षापूर्वीच गेल्या होत्या. अशा कामाला त्यांनी ६०० रुपये लावले. नेहमीच्या दुपटीहून अधिक किंमत मिळते म्हणून घरात सर्वांना वाटले की धंदा आता मार्गाला लागला.

वहीत मात्र उलटेच दिसले. मागणीबरहुकूम कुत्र्यासाठी काका प्रत्येक वेळी वेगळे माप लावत म्हणून ९० रुपये घेत, रंग वेगवेगळे लागत म्हणून २५ रुपये, खोक्याचे २२ रुपये. हातात राहत ४६३ रुपये. वेळ पाहा: फोनवर बोलणे आणि फोटो मागवणे सव्वा तास, कागदावर रेखाटन पाऊण तास, कोरकाम अडीच तास, रंगकाम दोन तास, आणि पुन्हा करून द्याव्या लागणाऱ्या नगांचा भार सर्वांवर वाटला तर सरासरी दीड तास. आठ तासांचे ४६३, म्हणजे तासाला ५८ रुपये. दुपटीहून महाग विकलेली वस्तू स्वस्त वस्तूपेक्षा कमी मजुरी देत होती, आणि ती करण्यात महिना जात असल्याने मूळच्या सोल्याचा साठाच शिल्लक राहत नसे. २०२२ च्या गणपतीत चाकरमानी दारात आले तेव्हा बाईंकडे विकायला फक्त नऊ नग होते.

कुडाळचे गिऱ्हाईक

दीड तासाचा तो ‘पुन्हा करण्याचा’ भार कुठून येतो हे समजण्यासाठी एक भेट सविस्तर सांगतो, कारण तिला मी योगायोगाने हजर होतो. कुडाळहून एक निवृत्त गृहस्थ आपल्या अल्सेशियनच्या रूपाचा लाकडी कुत्रा न्यायला आले. हा तिसरा नग होता. आधीचे दोन त्यांनी परत केले होते. ओटीवर बसून त्यांनी चष्मा पुसला, नग हातात घेतला, खिडकीकडे वळवला, मोबाइलमधला फोटो शेजारी धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वहिनी, सगळं बरोबर आहे. पण तो असा बघत नसे.” बाईंनी पहिल्या नगाचे डोळे मोठे केले होते, दुसऱ्याचे लहान, तिसऱ्याला वरून पापणीची रेघ दिली होती. चौथ्यांदा काय करायचे हे कोणालाच सांगता येत नव्हते. शेवटी त्या गृहस्थांची नजर कोपऱ्यातल्या सुपाकडे गेली, जिथे काकांकडून आलेली कोरी अंगे-डोकी पडलेली होती. त्यांतले एक न रंगवलेले, न डोळ्यांचे डोके त्यांनी उचलले आणि तेच मागितले. बाईंनी ते तिथल्या तिथे अंगाला जोडून दिले. वहीत त्या दिवशीची नोंद ‘कोरा, नग १’ अशी आहे आणि रकमेचा रकाना रिकामा आहे.

व्यवसायाच्या अंगाने पाहिले तर यात बाईंची कारागिरी कमी पडली असे मला वाटत नाही. स्वतःचा सोल्या त्या करत तेव्हा तो सारखा झाला की नाही हे ठरवणाऱ्या त्या एकट्या होत्या, आणि खुणेला एक कान पुरेसा होता. ज्याने सोल्याला पाहिलेच नाही त्याला तो कान हीच ओळख. दुसऱ्याच्या कुत्र्याच्या बाबतीत निवाडा गिऱ्हाइकाकडे जातो आणि त्याच्या मनातल्या चित्राला माप नसते. पहिली वस्तू आहे, दुसरी सेवा आहे. दोन्हींना सारख्याच नगाच्या भावाने, सारख्याच शर्तींवर विकणे ही या प्रकरणातली मूळ चूक होती.

कान मोडले त्याची गोष्ट

मधल्या काळात एक नुकसान झाले, ते थोडक्यात. शहरातल्या एका दुकानाने ६० नग ‘विकले की पैसे’ या बोलीवर नेले. लेखी काही नव्हते. सात महिन्यांनी २९ नग परत आले आणि त्यांतल्या अकरांचे कान तुटलेले होते. दुकानाच्या माणसाने वर असेही सांगितले की उजवा कान वाकडा असलेला माल सदोष समजून त्याने काही नग सवलतीत काढले. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत, असे मुलगी सांगते.

तुटलेले कान मी हातात घेऊन पाहिले तेव्हा सर्व एकाच जागी, बुडापासून अर्ध्या सेंटिमीटरवर मोडलेले दिसले. काकांनी कारण लगेच सांगितले: कान फळीच्या आडव्या तुकड्यातून कापले होते, त्यामुळे लाकडाचे धागे कानाच्या उंचीला उभे न जाता आडवे जात होते, आणि पांगाऱ्यासारखे मऊ लाकूड आडव्या धाग्यावर नखाच्या दाबानेही तुटते. शिवाय कान नुसत्या गोंदाने चिकटवलेले होते. आता कान उभ्या धाग्याचे कापतात, बुडात बारीक भोक पाडून बांबूची खुंटी घालतात आणि मग गोंद लावतात. यामुळे नगामागे सहा मिनिटे वाढली. तेव्हापासून तुटका कान परत आलेला नाही. त्याच वेळी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. भर पावसात कातलेले नग हिवाळ्यात मानेत सैल होत, कारण ओलसर हवेत फुगलेली खुंटी कोरड्या हवेत आक्रसते. म्हणून जून ते सप्टेंबर कातकाम बंद ठेवायचे आणि गणपतीसाठीचा माल मेअखेर तयार करून चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचा, असे ठरले. पैसा तीन महिने अडकून पडतो, पण माल सैल होत नाही.

कायद्याची बाजू

गावातल्या एका बालवाडीने मुलांसाठी ४० कुत्रे मागितले तेव्हा प्रश्न वेगळा उभा राहिला. खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, आणि त्याप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोची खूण असावी लागते. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. ही नोंद झाली की ‘पहचान’ कार्ड मिळते. बाईंचे कार्ड तोवर नव्हते. खोक्यावर ‘शोभेची वस्तू’ असे छापून मुलांना माल द्यावा, असा सल्ला त्यांना दोघातिघांनी दिला होता. मी तो मोडून काढला, कारण शेपूट आणि कान हे लहान मुलाच्या घशात अडकतील एवढ्याच आकाराचे आहेत आणि बालवाडीत दिलेली वस्तू खेळण्यासाठी नाही असे कोणालाही पटवता येणार नाही. मागणी सोडली. कार्डासाठी अर्ज मात्र त्याच आठवड्यात केला, आणि ते पुढे मिळाले.

जीएसटीची भीती बाईंना विनाकारण घातलेली होती. वस्तूंच्या विक्रीला महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाखांची आहे आणि त्यांची उलाढाल तिच्या जवळपासही नाही. गोवा मात्र आमच्यापासून हाकेवर असला तरी परराज्य आहे. अधिसूचित हस्तकलेच्या वस्तूंना आंतरराज्य विक्रीतही २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट असली, तरी पॅन आणि मालवाहतुकीचे ई-वे बिल लागते. एवढी तजवीज करूनच पणजीला माल जाऊ लागला.

नक्कल हा अधिक बोचरा विषय होता. २०२३ च्या हंगामात किनाऱ्यावरच्या एका टपरीवर वाकड्या कानाचे कुत्रे दिसू लागले. डिझाइन कायदा २००० नुसार नोंदणीसाठी आकृती नवी आणि अर्जापूर्वी कुठेही प्रसिद्ध न झालेली असावी लागते. बाई दोन वर्षे विकत होत्या, त्यामुळे तो रस्ता बंद झाला होता. नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद करणे शक्य होते आणि व्यक्तीला त्यासाठी ऑनलाइन अर्जाचे मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये पडतात. इथे तो नावाचा घोळ आडवा आला. मुलीने खात्याचे नाव ‘आमसूल’ ठेवले होते, कारण ‘सोल्या’ पुण्यात कोणाला कळणार नाही असे तिला वाटले. परिणाम असा की आठवड्याला चार-पाच जण अर्धा किलो आमसूल आणि आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली मागत. एकाने तर पैसे पाठवूनही टाकले. शिवाय जे नाव मालाचे वर्णन करते ते नोंदवायला आधीच अवघड असते, आणि इथे तर ते भलत्याच मालाचे वर्णन करत होते. नाव बदलून ‘सोल्या’ केले आणि अर्ज त्या नावाने केला. आईने मुलीला एवढेच म्हटले, “मी पहिल्यापासून ह्याच सांगी होतंय.”

फेरआखणी

२०२४ च्या जानेवारीपासून वहीचे दोन भाग केले. पहिल्या भागात सोल्या: किंमत ४२० रुपये, काकांना वाढवून ६० रुपये, रंग १५, खोका २५. हातात राहतात ३२० रुपये. वीस-वीस नगांचा घाणा एकदम काढल्यामुळे, म्हणजे एक दिवस नुसते कान, एक दिवस नुसती जोडणी, एक दिवस नुसते चेहरे, खुंटीची सहा मिनिटे धरूनही नगामागे वेळ दीड तासावर आला. तासाला सुमारे २१३ रुपये. दुसऱ्या भागात इतरांचे कुत्रे: महिन्यात चारच, किंमत १,८०० रुपये, निम्मे आगाऊ, समोरून, बाजूने आणि वरून असे तीन फोटो, आणि कातण्याआधी रेखाटन दाखवून एकदाच दुरुस्ती. ९०, २५ आणि २५ असा १४० रुपयांचा खर्च वजा जाता १,६६० रुपये राहतात, आणि साडेसहा तास धरले तर तासाला २५५ रुपये होतात.

किंमत तिप्पट केल्यावर मागणी संपेल अशी बाईंना खात्री होती. मागणी कमी झाली, पण महिन्याला चार इतकी राहिली, आणि एवढीच हवी होती. मला अनपेक्षित वाटली ती दुसरी गोष्ट: आगाऊ रक्कम भरलेल्या माणसांनी दुरुस्त्या कमी मागितल्या. कदाचित रेखाटन आधी पाहिल्यामुळे असेल. बाईंचे मत वेगळे आहे. त्या आता पहिल्या फोनवरच गिऱ्हाइकाला विचारतात की त्यांच्या कुत्र्याची एकच खूण सांगायची झाली तर कोणती. एकाने सांगितले, गळ्यातला तुटका पट्टा. एकीने सांगितले, जिभेवरचा काळा डाग. तेवढी खूण नेमकी उतरली की डोळ्यांबद्दल कोणी फारसे बोलत नाही.

किनाऱ्यावरच्या दुकानांसाठी करवंटीच्या किल्लीकड्याही होतात, ८० रुपयांना एक. त्या मेमध्ये खपतात, एरवी नाही. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. दुकानांना उधार माल देणे पूर्ण बंद आहे. घाऊक हवे असेल तर वीस नग रोखीने.

आजचा प्रश्न कातारीकाकांचा आहे. ते सत्तरीच्या पुढे आहेत, मुलगा गोव्यात गाडी चालवतो, आणि दिवसाला बारा अंगांपेक्षा अधिक आता त्यांच्याने होत नाही. पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत पारंपरिक बाहुली व खेळणी बनवणारे येतात, आणि तिच्यात अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत कर्ज मिळते. काकांनी या वयात कर्ज नको म्हटले. अर्ज बाईंनी स्वतःच्या नावाने केला आहे. दर मंगळवारी त्या काकांकडे कात शिकायला जातात. पहिली अकरा अंगे चुलीत गेली. बारावे एका बाजूला किंचित झुकलेले निघाले, आणि ते फेकावे की ठेवावे यावर दोघांचे अजून एकमत झालेले नाही. वादळातल्या पांगाऱ्याचा शेवटचा ओंडका गेल्या उन्हाळ्यात संपला. पांगाऱ्याची फांदी खोचली की जगते, म्हणून यंदा मिरगाच्या पावसात कुंपणाला आठ फांद्या लावल्या; त्यांतल्या सहांना पालवी फुटली आहे.